पाट फोडतात, मोडत नाहीत

॥ श्री ॥

शनिवार पेठ, सातारा
१७ जानेवारी १९७८

चिरंजीव सयाजीस,
राहीबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तिळगूळ दोन्ही पोचलं. तिळगुळाचा पोस्टानं भुगा केला होता, पण गोडी कमी झाली नव्हती. माझी तब्येत बरी आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे तुझं अक्षर नीट दिसलं आणि वाईट वाटलं. तुझा 'ळ' अजून पालथा पडतो. साखर कारखान्याच्या डायरेक्टरपदासाठी उभा राहणार म्हणतोस, तर त्याआधी 'ळ' सुधार. मतं मागायच्या पत्रकात तो बराच लागेल.

गुढीपाडव्यानंतर इस्लामपुरात सगळ्या पाटमोड्यांचं संमेलन भरवतोयस, त्यातच वडिलांची पंचाहत्तरी करतोयस, हे वाचलं. चांगलं आहे. त्या वेळी 'पाटमोडे घराणे : उगम, अर्थ व प्रसार' असं पुस्तक काढणार, त्याला मी दोन शब्द लिहावेत आणि संमेलनाला पाहुणी म्हणून यावं, हेही वाचलं. गावातली जुनी माणसं गेली, तेव्हा बाईंशिवाय कुणाला विचारणार, असं तू लिहितोस. विचारलंस ते बरं केलंस.

तू लिहिलेला उगम मी दोनदा वाचला. पहिल्यांदा डोळा तपासायला आणि दुसऱ्यांदा करमणुकीसाठी. मोगलांची छावणी आपल्या गावच्या खालच्या अंगाला पडली होती, तुमच्या मूळ पुरुषानं वरचा पाट मोडला, छावणी वाहून गेली, आणि महाराजांनी खूश होऊन 'पाटमोडे' हा किताब दिला! अरे, आपल्या गावाला पाटाचं पाणी आलं ते इंग्रजाच्या अमलात. त्या आधी मोटा होत्या. तुझ्या मूळ पुरुषानं मोगलांवर मोट उपडी केली असं लिही, निदान खरं वाटेल.

दुसरी गोष्ट. मी तुला मराठी शिकवलं आहे, म्हणून हे मला लागलं. पाण्याचा पाट फोडतात, मोडत नाहीत. गावात कुणी रागानं दुसऱ्याचं पाणी वळवलं तर 'पाट फोडला' अशीच बोंब होते. मग तुमचं आडनाव पाटफोडे का झालं नाही? बसायचा लाकडी पाट मोडतो हे खरं. पण त्यासाठी तुमचा मूळ पुरुष फार जाडजूड होता आणि पंगतीत बसताच पाट मोडला, असं छापावं लागेल. ते तुला आवडणार नाही.

पाटाला आणखी एक अर्थ आहे. तुझ्या पिढीत तो फारसा कुणी उच्चारत नाही. राहू दे.

'प्रसार' या भागात तू लिहिलंयस की पाटमोडे आज इस्लामपूर, कवठे महांकाळ, शिरवळ, शिवाय पलटणीत सगळीकडे आहेत, आणि हे नाव प्राचीन असल्याचा तोच पुरावा. कोंबडीची पिल्लंही वर्षात अंगणभर होतात. त्यावरून कोंबडी प्राचीन ठरत नाही.

आधी एक कर. तुझ्या वडिलांना विचार. समोर बसून विचार, की आबा, आपलं आडनाव कुठून आलं? ते जे सांगतील ते शब्दाला शब्द मला कळव. मग मी दोन शब्द लिहीन.

तुझ्या आईला, शालूबाईंना, नमस्कार सांग.

तुझ्या मराठीच्या बाई,
राहीबाई


॥ श्री ॥

सातारा
९ फेब्रुवारी १९७८

चि. सयाजीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. या वेळी अक्षर बरं आहे.

तू लिहितोस, आबांना विचारलं तर त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली आणि म्हणाले, "बाईस्नी इचार. त्यास्नी म्हाईत हाय." आणि उठून गोठ्याकडे गेले.

वा. म्हणजे बोलायचं काम अजूनही माझ्याच वाट्याला. तोंड फिरवून उठून जायची त्याची खोड जुनी आहे. इथून पुढे मी 'तुझे वडील' असं लिहिणार नाही. केरबा लिहीन. माझ्यासाठी तो केरबाच आहे.

आता तो तिसरा अर्थ ऐक. विधवेनं दुसरा नवरा केला तर आपल्याकडे त्याला लग्न म्हणत नव्हते. त्याला पाट म्हणत. पाट लावला, पाटाची बायको, असं बोलत. आणि ठरलेला पाट ऐन वेळी कुणी मोडला, तर तो मोडलाच म्हणत. फोडला म्हणत नसत.

मी विधवा होते, हे तुम्हा मुलांना माहीत होतं. कपाळ बघून कळत होतं. पण कुणाची, कुठली, हे विचारायची तुमची छाती नव्हती. माझं सासर कवठे महांकाळकडचं. नवरा पटकीनं गेला तेव्हा माझ्या कडेवर मुलगी होती. मी तिला घेऊन तुमच्या गावी भावाकडे आले. आकारामदादा माने, नदीकडच्या मळ्यातला. त्याच्या शेजारी केरबाचं रान होतं. केरबा जाधव. हो, जाधव. गावात निम्मे जाधव, त्यातले तुम्ही एक, ना किताब ना वतन.

तो बांधावर येऊन बोलायचा. मुलीला ऊस सोलून द्यायचा. मी त्याला विचारलं नव्हतं, त्यानंच आकारामदादाला विचारलं. कुंवाऱ्या माणसानं विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात, म्हणजे तोही एकदा लग्न झालेला ठरतो. केरबा त्यालाही तयार झाला. लोक हसले तर म्हणाला, "हसू द्या. रुई तर रुई."

एकच अडचण होती. पाटाला निघालेल्या बाईनं पहिल्या घरचं मूल पहिल्या घरी द्यायचं, असा रिवाज. मी नाही म्हणाले. पाट नको, मुलगी हवी, असं मी स्पष्ट सांगितलं. तेव्हा केरबा मळ्यात माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "राही, सा म्हैन्यात म्या सोता जाऊन तिला घिऊन येतू. मी हाय न्हवं?"

मी त्या 'मी हाय न्हवं'वर विश्वास ठेवला. आकारामदादा गाडी जुंपून मुलीला सासरी पोचवून आला. ती गाडीत बसताना रडली नाही, कारण मामाबरोबर जत्रेला चाललोय असं आम्हीच तिला सांगितलं होतं.

पाटाच्या दिवशी सकाळी केरबानं रुईशी लग्न लावलं. दिवस मावळताना माझ्या अंगावर नवं लुगडं होतं, हातात बांगड्या भरल्या होत्या, भावकीतल्या दोघी-तिघी बसल्या होत्या. केरबा आला नाही. त्याचा चुलता आला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "आकाराम, आमचा केरबा येत न्हाई. त्येचं लगीन ठरलं. सासरा पाटाखालचं रान देतूय."

कळलं का सयाजी? तुझ्या पुस्तकात पाणी आहे ते अगदीच खोटं नाही. तुझ्या चुलत आजोबानं आणि बापानं पाण्याच्या पाटासाठी बाईचा पाट मोडला. तुझ्या आईला मी दोष देत नाही. तिला विचारून कुणी काही केलं नव्हतं. पण तुझ्या घरच्या ज्या उसावर तू आज डायरेक्टर व्हायला निघालास, त्या उसाच्या मुळाशी मी आहे.

मी दुसऱ्या दिवशी कवठ्याकडे गेले. मुलगी मागितली. सासूनं दाराला आडवा हात लावला आणि म्हणाली, "पाटाला निघाली हुतीस न्हवं? मग तू आमच्या पोरीची आई न्हवंस." आत मुलगी माझा आवाज ऐकून रडत होती. मला ती दिसली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिला देवी आल्या. ती गेल्याचं मला तिचे दिवस झाल्यावर कळवलं.

त्या दारातून रिकाम्या हातानं परत आले, ती भावाच्या घरी गेलेच नाही. सरळ पारावर गेले. केरबा चार माणसांत बसला होता, हळद अंगाला लागायची होती. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो बघा पाटमोड्या! जाधव म्हणू नका ह्येला कुनी. पाटमोड्या म्हणा!"

गावाला असं काही लागतंच. केरबा जाधव नावाचे गावात तिघं होते. एक लंगडा केरबा, एक माडीवाला, आणि त्या दिवसापासून एक पाटमोड्या. हा तुमचा किताब. तो देणारी मी.

पुढचं आणखी ऐक, कारण तेवढ्यानं टोपणनाव झालं असतं, आडनाव नाही. मी साताऱ्याला आले, शिकले, मास्तरीण झाले. आणि तुमच्या गावच्या शाळेत बदली मी स्वतः मागून घेतली. लोकांना वाटलं, बिचारीला माहेरची ओढ. मी वाट बघत होते. एका जूनमध्ये केरबा तुला हाताला धरून शाळेत घेऊन आला. मला बघून दारातच थबकला. मी विचारलं, "आडनाव?" तो खाली बघून म्हणाला, "जाधव." तिथे बसलेले दोघे हसले आणि म्हणाले, "कंचं जाधव? पाटमोडं म्हना की!" मी पाटमोडे लिहिलं. केरबाला वाचता येत नव्हतं. मी सांगितलं तिथं त्यानं अंगठा उठवला.

मी काय लिहिलंय ते त्याला तूच सांगितलंस. जोडाक्षरं शिकायच्या आधीच तुला तुझं नाव वाचता यायला लागलं होतं. घरी जाऊन पाटीवर लिहून तू बापाला मोठ्यानं वाचून दाखवलंस, आणि त्यानं पाटी काढून घेतली, असं तू दुसऱ्या दिवशी रडत मला सांगितलंस. मी तुला जवळ घेतलं. तुला जवळ घेताना मला फार बरं वाटत होतं, ते तुझ्यासाठी नव्हतं.

मग तुझे भाऊ आले, चुलतभाऊ आले. सगळ्यांना मी पाटमोडे लावलं. केरबाचा चुलता, तोच उंबऱ्याबाहेरचा, भांडायला आला, तर म्हटलं, थोरल्याचं जे आहे तेच धाकट्यांचं लागतं, सरकारी नियम आहे. असा नियम नव्हता. जोवर त्या शाळेत होते, तुमच्या भावकीतलं एकही पोर माझ्या हातून सुटलं नाही. तोच तुझा 'प्रसार'. पलटणीत गेलेला पाटमोडे, शिरवळच्या कारखान्यातला पाटमोडे, सगळे माझ्या हातचे. पेपरात कधी हे नाव दिसलं की मी ते पुन्हा पुन्हा वाचते.

मला पश्चात्ताप नाही. तसं वाटावं म्हणून हे लिहीत नाही.

मी संमेलनाला येईन, दोन शब्दही देईन. अट एकच. केरबानं सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, की पाट कुणाचा मोडला आणि कशासाठी. माफी नको. माफी मागितली की माणूस मोकळा होतो. नुसतं खरं सांगायचं, आणि ज्या लेकरांना तो सांगेल त्यांच्याकडे बघत उभं राहायचं.

राहीबाई


॥ श्री ॥

सातारा
२९ एप्रिल १९७८

सयाजी,

तुझं रजिस्टर पत्र आलं. सही करून घेतलं. यापुढे साध्या टपालानं पाठवलंस तरी चालेल, मी कुठे पळत नाही.

तू म्हणतोस, बाई, तुम्ही आमच्या घराण्याची अब्रू वेशीवर टांगलीत. तर त्या दिवशी काय झालं ते एकदा माझ्या बाजूनं लिहिते.

मांडव छान होता. हलगी वाजत होती, बुंदीचा वास सुटला होता, वर 'पाटमोडे परिवार' असं कापडी अक्षरांत लावलेलं. ते बघून मला काय झालं ते तुला कळणार नाही. मी पारावर ओरडले तेव्हा तोंडातून निघालेलं ते नाव, आणि त्याला आता भगवी झालर! तू मला पहिल्या रांगेत, केरबाच्या समोर बसवलंस. अट मान्य आहे असं तू लिहिलं होतंस, म्हणून मी आले.

केरबा उठला. फेटा बांधलेला, काठी हातात. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं तो बोलणार नाही. पण तो माइकपाशी आला आणि म्हणाला, "मंडळी, पुस्तकात काय लिवलंय ते मला म्हाईत न्हाई. पाट मोडला त्यो म्या मोडला. माज्या हातानं मोडला."

आणि मांडवानं टाळ्या वाजवल्या!

पोरं शिट्ट्या मारायला लागली. पुस्तक सगळ्यांच्या हातात होतंच, त्यात तू पाण्याचा पाट तसाच ठेवला होतास. म्हाताऱ्यानं पूर्वजांचा पराक्रम स्वतःच्या अंगावर घेतला, असं त्यांना वाटलं आणि कौतुक वाटलं. त्यांचा दोष नाही, त्या शब्दाचा आणि तुझा दोष. तू जाणूनबुजून माइक ओढून घेतलास आणि म्हणालास, "बघा, आबांच्या अंगात अजून तेच रक्त हाय!" तुझ्याकडे माझं पत्र होतं, सयाजी. तुला सगळं ठाऊक होतं.

तरीही मी थांबले. केरबाकडे बघत राहिले. त्यानं एक शब्द बोलायचा होता, 'बाईचा'. बाईचा पाट. एवढाच. तो माझ्याकडे बघत होता, त्याचे ओठ हललेही. तेवढ्यात तुझ्या चुलत्यानं त्याच्या गळ्यात हार घातला, आणि त्यानं मान खाली घालून तो घालून घेतला. मग बसला.

दुसऱ्यांदा मोडला. पहिल्यांदा मी उंबऱ्याच्या आत होते, या वेळी पहिल्या रांगेत होते, फरक तेवढाच.

म्हणून मी उठले. तुला वाटलं मी दोन शब्द आशीर्वादाचे बोलायला उठले. मी शाळेतल्यासारखंच बोलले. "मुलांनो, पाण्याचा पाट फोडतात. मोडतो तो विधवेचा पाट. तुमच्या आबांनी जो मोडला तो माझा." हे कळायला पुरुषांना वेळ लागला. बायकांच्या बाजूला आधी कळलं. तिथली कुजबुज एकदम थांबली. मग मी मुलीचंही सांगितलं. तू माइकची वायर काढायला लावलीस, पण मास्तरकी केलेल्या बाईला माइक लागत नाही.

आणि कुणीतरी 'म्हातारीला भ्रम झालाय' म्हणालं, तेव्हा तुझी आई उठली. सगळ्या मांडवासमोर पदर सावरून म्हणाली, "न्हाई. खरं हाय त्ये. मला लगीन झाल्यावर कळलं. तवापासनं म्या त्या रानात पाय ठिवला न्हाई." शालूबाईंबद्दल मला इतकी वर्षं जे वाटत होतं ते त्या क्षणी संपलं. केरबाबद्दलचं संपलं नाही.

यानंतरचं तुला माहीत नाही. मी एस.टी. स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. केरबा आला. फेटा काढलेला होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. म्हणाला, "राही, आता मिटव की गं. लय झालं."  मग म्हणाला, "त्या पोरीचं नाव काय हुतं?"

ऊस सोलून द्यायचा तिला. मी स्वतः जाऊन घेऊन येतो म्हणाला होता. आणि नाव विसरला होता.

मी सांगितलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, काकुळतीला येऊन विचारलं, तरी सांगितलं नाही. गाडी आली, मी बसले. तो खिडकीखाली उभा होता. मरेपर्यंत आठवत बसू दे.

आता तुझी मागणी. भावकी तुझ्याशी बोलत नाही, निवडणुकीत विरोधक भिंतीवर 'पाटमोडे' एवढंच लिहितात आणि लोक हसतात, मुलीला बघायला येणारे परत गेले. म्हणून तुला पुन्हा जाधव व्हायचं आहे, राजपत्रात छापून घ्यायचं आहे, आणि वकील म्हणतो की शाळेत नाव घालणाऱ्या बाईंनी 'नजरचुकीने टोपणनाव लिहिले गेले' असं लिहून दिलं तर तुमच्या सगळ्या भावकीचं काम एकदम होईल. कागद तू टाइप करूनच पाठवलास. सहीच्या जागी पेन्सिलनं फुली पण केलीस.

तुझ्या मुलीचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं. रात्रभर कागद उशाशी होता. सकाळी उठून पुन्हा वाचला. 'नजरचुकीने.' माझी नजर त्या दिवशी जेवढी स्वच्छ होती तेवढी नंतर कधी नव्हती.

आणि दुसरं कारण ऐक, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या बापाच्या शब्दावर मी माझं पोटचं लेकरू हातचं सोडलं. त्यानंतर मला दुसरं झालं नाही. झालं ते हे नाव. पारावर जन्मलं, माझ्या शाळेत वाढलं, पलटणीत गेलं, कारखान्यात हजेरीला लागलं, त्याला पोरंबाळं झाली. कुणी हाक मारली की ते ओ देतं. तू म्हणतोस, बाई, एका सहीनं ते पुसून टाका. एकदा मी माझं मूल दुसऱ्याच्या दारात ठेवून आले, सयाजी. हे ठेवणार नाही.

कागद परत पाठवते आहे. फुली खोडरबरानं पुसली आहे.

तुझ्या मुलीला आशीर्वाद. ती लग्न होऊन दुसऱ्या नावाची होईल, ती सुटेल. तू आणि तुझी मुलं सुटणार नाही.

सगळ्या पाटमोड्यांची आई,
राहीबाई